चहाच्या खोलीत आलेलं टेबल

१८७२ साली क्योतोत एक मोठं प्रदर्शन भरलं. सम्राट आणि दरबार तोक्योला जाऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. हजारावर वर्षं राजधानी असलेल्या शहराचा आधारच निघून गेला होता आणि पुढे पोट कशावर भरायचं हा प्रश्न विणकरांपासून नर्तकींपर्यंत सगळ्यांसमोर उभा होता. परदेशी माणसाला त्या काळी ठरावीक बंदरांपलीकडे मोकळेपणाने फिरता येत नसे. या प्रदर्शनासाठी मात्र त्यांना क्योतोत येण्याचे खास परवाने मिळाले. उरासेन्के या चहाविधी शिकवणाऱ्या घराण्याचे अकरावे प्रमुख गेनगेन्साई यांच्यापुढे तेव्हा एक साधी अडचण आली. या पाहुण्यांना तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या चटईवर, गुडघे मोडून बसता येणार नव्हतं. त्यांनी टेबल आणि बैठी स्टुलं वापरून चहा करण्याची नवी रीत बसवली. हात कुठे ठेवायचा, पळी कधी उचलायची, इथपर्यंतचे सगळे नियम तिला घालून दिले. या रीतीला र्‍यूरेई म्हणतात. आज ती त्या घराण्याच्या शिक्षणाचा नेहमीचा भाग आहे, आणि गुडघे दुखणारे जपानी आजी-आजोबाही तिचाच आधार घेतात. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने क्योतोतल्या गिओन वस्तीतल्या गेइकोंनी, म्हणजे तिथल्या गेइशांनी, मियाको ओदोरी हा जाहीर नृत्याचा कार्यक्रम सुरू केला. तोही दर एप्रिलमध्ये अजून होतो.

हे आधी सांगितलं याला कारण आहे. मी पुण्यात जपानी शिकले. आता दुभाषी म्हणून मराठी मंडळींच्या गटांबरोबर जपानमध्ये जाते. दोन्हीकडच्या जाणत्या लोकांकडून एकच तक्रार ऐकू येते. परदेशी पाहुण्यांसाठी जे म्हणून मांडलं जातं ते खोटं असतं, खरी परंपरा बंद दाराआड असते आणि पर्यटकाला तिची नक्कल दाखवली जाते, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. पाहुण्यासाठी रीत सोपी केली म्हणून ती खोटी ठरत असेल, तर दीडशे वर्षांपूर्वीचं ते टेबलही खोटंच म्हणावं लागेल. खऱ्या-खोट्याची ही वाटणी आपल्याला कुठेच नेत नाही. विचारायला हवं ते वेगळंच. पाहुणा बसमध्ये बसून निघून गेला की त्या कलेच्या घरात मागे काय राहतं? पैसा कुणाच्या हातात पडतो? एखादा नवा हात त्यामुळे तयार होतो का?

हा प्रश्न आज निकडीचा झाला आहे, कारण पाहुण्यांची संख्या आवाक्याबाहेर गेली आहे. २००३ मध्ये जपानने परदेशी पर्यटकांसाठी मोहीम उघडली तेव्हा वर्षाला ५२ लाखांच्या आसपास लोक येत. २०१३ मध्ये पहिल्यांदा एक कोटीचा आकडा ओलांडला गेला. २०२४ मध्ये ३ कोटी ६८ लाख आले, २०२५ मध्ये ४ कोटींच्या वर. २०३० पर्यंत ६ कोटी हे सरकारचं उद्दिष्ट आहे. भारतातून जाणारेही वाढलेत. २०२४ मध्ये ते २ लाख ३० हजारांच्या वर होते आणि त्यांत पुण्या-मुंबईची माणसं भरपूर. या सगळ्यांना तोक्यो, हाकोने, क्योतो, ओसाका याच रस्त्याने जायचं असतं आणि वाटेत ‘अनुभव’ हवे असतात. पाऊण तास चहा, तासभर पुष्परचना, दुपारभर किमोनो, संध्याकाळी सुमो. क्योतोत गिओन कॉर्नर नावाचा कार्यक्रम १९६२ पासून आहे. चहा, कोतो या तंतुवाद्याचं वादन, पुष्परचना, गागाकू हे दरबारी संगीत, क्योगेन हे विनोदी नाट्य, क्योमाई नृत्य आणि बुनराकू हा बाहुल्यांचा खेळ अशा सात कलांची ओळख तिथे तासाभरात करून देतात. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ते ओळख म्हणूनच मांडलेलं असतं आणि रंगमंचावरची माणसं त्या त्या कलेतली असतात.

तक्रार आहे ती दुसऱ्या जातीच्या अनुभवांबद्दल. किंत्सुगी घ्या. फुटलेलं भांडं सोन्याच्या रेघेने सांधायची ही कला आता जगभर माहीत झाली आहे आणि मोठ्या शहरांत तिच्या कार्यशाळांना तोटा नाही. मी ज्या कार्यशाळेत एका गटाबरोबर बसले तिथे प्रत्येकासमोर एक फुटलेली बशी होती, दोन नळ्यांतून येणारा इपॉक्सी गोंद होता आणि वाटीत पितळेची पूड. गोंद कालवायचा, तुकडे चिकटवायचे, फटीवरून कुंचल्याने पूड फिरवायची. दीड तासात सगळ्यांच्या बशा तयार. मंडळी खूश होती आणि त्यांचा आनंद खरा होता. पण निघताना सांगलीच्या एका काकूंनी मला विचारलं, “अगं, यात आपण चहा घेतला तर चालेल का?” मी शिकवणाऱ्या मुलीला विचारलं. ती मान खाली घालून म्हणाली, “नको, फक्त शोभेला ठेवा.” शेकडो वर्षं माणसांनी ज्या कलेने आपली रोजची भांडी पुन्हा वापरात आणली, तिच्या नावाखाली आम्ही न वापरता येणारी बशी घेऊन बाहेर पडलो होतो.

खरी रीत कशी असते ते पाहू. उरुशीच्या झाडाचा चीक (त्यालाही उरुशीच म्हणतात) आणि गव्हाचं पीठ मळून लुकण करतात, त्याने तुकडे जोडतात. जोडलेलं भांडं दमट, उबदार फडताळात ठेवतात. हा चीक रंगासारखा वाळत नाही. हवेत ओलावा असला तरच तो घट्ट होतो, म्हणून कोरड्या दिवसांत कारागीर फडताळात ओली फडकी ठेवून हवा सांभाळतो. आठवडा, दोन आठवडे असे जातात. मग टवका उडालेल्या जागी दुसरं, जाडसर लुकण भरायचं, पुन्हा वाट पाहायची. घासायचं, वर उरुशीचा हात द्यायचा, पुन्हा घासायचं. शेवटी बारीक कुंचल्याने लाल उरुशीची रेघ ओढायची आणि ती पुरती सुकायच्या आत, नेमक्या वेळी, तिच्यावर सोन्याची पूड सोडायची. घाई केली तर सोनं रेघेत बुडतं, उशीर झाला तर ते धरतच नाही. एका वाटीला दोन महिने सहज जातात. कच्चा चीक अंगाला लागला तर पुरळ उठतं. आपल्याकडचा बिब्बा याच कुळातला, त्यामुळे बिब्बा उतलेल्या माणसाला उरुशीची खाज समजावून सांगावी लागणार नाही. नवा उमेदवार या कामात शिरला की पहिले काही महिने त्याला हे सोसावं लागतं.

आणि तो चीक मुळात येतो कुठून? दहा-पंधरा वर्षं वाढवलेल्या झाडाला जूनपासून शरदापर्यंत ठरावीक दिवसांच्या अंतराने खाचा पाडत जातात. हंगामाच्या शेवटी एका झाडाचे साधारण २०० ग्रॅम हाती लागतात. मग ते झाड तोडतात आणि बुंध्याला नवे धुमारे फुटायची वाट पाहतात. जपानमध्ये वापरल्या जाणाऱ्या उरुशीतली बहुतेक चीनमधून येते. देशी चिकाचा मोठा भाग इवाते प्रांतातल्या जोबोजी परिसरातून येतो, तिथेही चीक काढणारी माणसं थोडीच. त्यांच्या पुढे चीक गाळून शुद्ध करणारे, माणसाच्या केसांपासून उरुशीचे कुंचले बांधणारे, सोन्याची पूड करणारे अशी मोठी साखळी आहे. इपॉक्सीच्या कार्यशाळेतून या साखळीतल्या एकाही माणसाला एक येनही मिळत नाही. मिळतं ते जागेच्या मालकाला आणि नोंदणीच्या संकेतस्थळाला. कलेचं नाव वापरलं जातं, कला बाहेरच उभी राहते.

इपॉक्सी वापरू नये असं मला म्हणायचं नाही. तासाभराच्या पाहुण्याच्या हातात कच्ची उरुशी देणं धोक्याचंच आहे. पण मग पाटीवर तसं लिहा. ‘आज तुम्ही गोंदाने भांडं जोडायला शिकाल, मूळ रीत अशी असते आणि ही बघा तिची पायरी पायरीची भांडी’ असं सांगितलं तर काही बिघडत नाही. दुसरा मार्ग त्याहून चांगला आहे. पाहुण्याने एकच पायरी करायची, उरलेलं काम कारागिराने दोन महिन्यांत पूर्ण करायचं आणि भांडं टपालाने घरी पाठवायचं. असं करणारे कारागीर आहेत, कमी आहेत. त्यांचा दर अर्थातच जास्त असतो. पण त्या दरात चीक आहे, कुंचला आहे, आणि दोन महिने ते भांडं ज्याच्या फडताळात राहतं त्याची मजुरीही आहे. १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपात वाजिमा हे उरुशीकामाचं गाव उद्ध्वस्त झालं, तिथला प्रसिद्ध सकाळचा बाजार आगीत गेला, कित्येक कारागिरांची कामाची जागाच राहिली नाही. देशात दरवर्षी कोट्यवधी पाहुणे ‘पारंपरिक अनुभव’ विकत घेत असताना अशा गावाकडे त्यातला किती पैसा वळतो, हे विचारणं उद्धटपणाचं नाही.

किमोनोचा प्रकार त्याच वळणाचा, पण थोडा गुंतागुंतीचा. क्योतोत भाड्याने मिळणारे बहुतेक किमोनो पॉलिएस्टरचे आणि छापील असतात. निशिजिन या क्योतोच्या विणकरवस्तीत मागावर विणल्या जाणाऱ्या रेशमी ओबीशी, म्हणजे कमरपट्ट्याशी, त्यांचं नातं नावापुरतंच. १९७०-८० च्या भरभराटीच्या तुलनेत किमोनोचा बाजार आज सहाव्या हिश्श्याहूनही खाली आला आहे आणि भाड्याच्या दुकानांनी तो सावरलेला नाही. तरी एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. त्या दुकानांत किमोनो नेसवणाऱ्या बायका असतात. अंगाचं वळण बघून आत टॉवेलची घडी कुठे घालायची, दोरी किती आवळायची, दिवसभर चालून कमरेची चुणी सुटणार नाही अशी कशी बसवायची, हे सारं त्यांच्या बोटांत असतं. आपल्याकडे नऊवारी नेसवणाऱ्या बाईला लग्नघरात जसा मान असतो तसं हे कसब आहे, आणि ते आज बऱ्याच अंशी पर्यटकांमुळे कमावतं राहिलं आहे. म्हणून ‘भाड्याचा किमोनो म्हणजे फसवणूक’ असं सरसकट म्हणायला मी तयार नाही. विणकराला त्यातून काही मिळत नाही, नेसवणारीला मिळतं. निम्मं भलं होतं, आणि उरलेल्या निम्म्यासाठी मार्ग काढता येईल. जुने रेशमी किमोनो जपानी घराघरांतल्या कपाटांत पडून आहेत, ते भाड्याच्या दुकानात आणणं अवघड नाही.

भाड्याचा वेश हा मुळात दोष नाहीच. उत्तर जपानमधल्या आओमोरीचा नेबुता उत्सव पाहिला की हे लगेच कळतं. दर वर्षी २ ते ७ ऑगस्टला, आतून उजळलेल्या कागदी योद्ध्यांच्या प्रचंड मूर्ती रस्त्याने निघतात आणि त्यांच्याभोवती हानेतो म्हणजे उड्या मारत नाचणारी माणसं असतात. हानेतो व्हायला आओमोरीचं असावं लागत नाही, कुणाची शिफारस लागत नाही. ठरलेला वेश अंगावर हवा एवढीच अट. तो गावात भाड्याने मिळतो. वेश चढवला की कुठल्याही पथकात शिरायचं आणि ‘रास्सेरा, रास्सेरा’ ओरडत नाचायचं. फुलांची टोपी, लाल पट्टा, कमरेला घुंगरं. इथे परदेशी माणूस नाचणाऱ्यांची संख्या वाढवतो, उत्सवाला त्याचा उपयोग होतो. गाव म्हातारं होत चाललेलं असताना नाचणारी तरुण पावलं मिळणं ही लहान गोष्ट नाही. याच नेबुतात २०२२ मध्ये १० लाख येनची खास आसनंही विकली गेली, आठ जणांपर्यंत बसता येईल अशी. उत्सवाचा खर्च वाढलाय आणि पैसा उभा करायला हवा, हे आयोजकांचं म्हणणं मला समजतं. तरी उंचावर बसून खाली नाचणारं गाव बघणाऱ्या पाहुण्यापेक्षा, भाड्याच्या वेशात घामाघूम होऊन दुसऱ्या दिवशी पाय धरून बसणारा पाहुणा मला त्या उत्सवाच्या जवळचा वाटतो. २०२४ मध्ये क्योतोच्या गिओन मात्सुरी या उत्सवात अशाच महागड्या आसनांवर मद्य देण्यावरून यासाका देवस्थानच्या मुख्य पुजाऱ्यांनी उघड नापसंती दाखवली होती. हा देवाचा उत्सव आहे, खेळ नाही, असा त्यांचा आक्षेप होता. मी त्यांच्या बाजूची आहे.

गिओन मात्सुरीचंच आणखी एक उदाहरण या वादात मला निर्णायक वाटतं. ८६९ पासून परंपरा सांगणारा हा उत्सव. त्यातले मोठे रथ २५ मीटरपर्यंत उंच, १२ टनांपर्यंत वजनाचे, आणि त्यांचा सांगाडा खिळे न मारता भाताच्या काडाच्या दोरखंडांनी बांधतात. २०२० आणि २०२१ मध्ये साथीमुळे मिरवणूक रद्द झाली. देशाच्या सीमा बंद होत्या. २०१९ मध्ये ३ कोटी १८ लाख परदेशी पाहुणे आले होते, २०२१ मध्ये अडीच लाखही आले नाहीत. तरी २०२१ च्या जुलैत अनेक रथ उभे केले गेले. मिरवणूक निघणार नव्हती आणि परदेशी बघेही नव्हते. दोन वर्षं दोरी हातात घेतली नाही तर गाठी विसरल्या जातील, नव्या पोरांना त्या शिकायला मिळणार नाहीत, म्हणून ते उभे केले. ज्या परंपरेत एवढा जीव आहे तिला पर्यटकाची भीती नाही. लाखभर माणसं बघायला आली तरी ती गाठ तशीच बसणार. उलट, सीमा बंद होताच ज्या ‘अनुभवां’चं दुकान उठलं आणि मागे एकही शिकलेला हात उरला नाही, ते मुळात कशाचे अनुभव होते?

कोयासान डोंगरावर पन्नासच्या आसपास मंदिरांत मुक्कामाची सोय आहे. ८१६ मध्ये बौद्ध आचार्य कूकाई, म्हणजे कोबो दाइशी, यांनी वसवलेलं हे क्षेत्र. पाहुण्याला शोजिन जेवण मिळतं, म्हणजे मांस-मासळी आणि कांदा-लसूण वगळून केलेलं, त्यामुळे आपल्याकडच्या शाकाहारी मंडळींना जपानमध्ये पोटभर आणि निर्धास्त जेवण मिळतं ते बहुधा इथेच. पहाटे उठून प्रार्थनेला बसता येतं. काही मंदिरांत होम पाहता येतो, आणि आपल्या लोकांना तो पाहून गहिवर येतो, कारण अग्नी, समिधा, मंत्र सगळं ओळखीचं असतं, उच्चार तेवढे वेगळे. यात पाहुण्यासाठी वेगळं काही रचलेलं नाही. पाहुणा नसता तरी पहाटेची प्रार्थना त्याच वेळी झाली असती. मुक्कामाच्या पैशांवर मंदिराचं छप्पर आणि भिक्षूंचं राहणं चालतं. तोक्योच्या काबुकीझा या काबुकी नाटकांच्या नाट्यगृहात पूर्ण खेळाऐवजी एकच अंक पाहायचं स्वस्त तिकीट मिळतं, तीही मला अशीच चांगली सोय वाटते. परदेशी माणसाला पाच तास बसवत नाही, म्हणून त्याला तासाभराचा वेगळा काबुकी रचून दिलेला नाही. खेळ तोच, नट तेच, शेजारी बसलेला म्हातारा रसिकही तोच. पाहुण्याने थोडंच बघायचं, पण जे बघायचं ते अस्सल.

आता दुसरी बाजू. पैसा थेट कलेच्या घरात पोचला की सगळं भलंच होतं असंही नाही. माच्चाचं, म्हणजे चहाविधीतल्या हिरव्या चहाच्या पुडीचं, काय झालं ते पाहा. माच्चाची पानं तोडणीआधी तीन-चार आठवडे सावलीत वाढवतात आणि दगडी जात्यावर तासाला जेमतेम ४० ग्रॅम दळली जातात. जगभर माच्चाची लाट आली, पाहुण्यांनी दुकानं रिकामी केली आणि २०२४ च्या शरदात क्योतो-उजीच्या जुन्या चहा-पेढ्यांना विक्रीवर मर्यादा घालाव्या लागल्या. बागाईतदाराला चांगला भाव मिळाला, त्याचा मुलगा बागेत परत येण्याचा विचार करू लागला तर आनंदच आहे. पण आठवड्याला आठ-दहा विद्यार्थिनींना शिकवणाऱ्या गावातल्या साध्या चहा-शिक्षिकेला रोजच्या सरावाची पूड महाग झाली. चहाची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या या शिक्षिकांनी चालवली आहे. त्यांचा वर्ग बंद पडला तर परदेशी पाहुण्यासमोर पाऊण तास चहा करून दाखवायला दहा वर्षांनी कोण असणार? म्हणून त्या पेढ्यांनी आपल्या जुन्या शिक्षकांसाठी आधी माल राखून ठेवावा आणि पर्यटकाला ‘आज संपलं’ असं सांगावं, असं मला ठामपणे वाटतं. पाहुण्याला नाही म्हणता येणं हा आतिथ्याचा भाग आहे. गिओनच्या रहिवाशांनी २०२४ मध्ये आपल्या खाजगी गल्ल्या पर्यटकांना बंद केल्या आणि १० हजार येन दंडाची पाटी लावली, कारण कामावर निघालेल्या मायकोंचा, म्हणजे शिकाऊ गेइकोंचा, कॅमेरे घेऊन पाठलाग होत होता, त्यांच्या बाह्या ओढल्या जात होत्या. सोळा-सतरा वर्षांची मुलगी कामाला चालली आहे, एवढं तरी समजायला हवं.

मग सगळं महाग करावं का? हिमेजी किल्ल्याचं तिकीट मार्च २०२६ पासून शहरवासीयांना १००० येन आणि बाहेरच्यांना २५०० येन झालं. क्योतोने त्याच महिन्यापासून सर्वांत महागड्या खोल्यांवरचा मुक्कामकर रात्रीला १० हजार येनपर्यंत नेला. देश सोडताना २०१९ पासून १००० येनचा कर होताच, तो जुलै २०२६ पासून ३००० करायचं ठरलं. बाहेरच्या माणसाने जास्त द्यावं याला माझा विरोध नाही. किल्ल्याचं लाकूड आणि चुना त्याच्याच पावलांनी झिजतो. पण पैसे घेताना ते कुठे जाणार हेही सांगायला हवं. आणि इथे जपान सरकारचा हिशेब मला चुकीचा वाटतो. १९५० च्या कायद्याखाली ज्यांना आपण ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणतो त्या कलावंतांना वर्षाला २० लाख येन मिळतात. त्यांतून त्यांनी स्वतःची कलाही राखायची आणि शिष्यही घडवायचे. पारंपरिक हस्तव्यवसायांत १९७० च्या दशकाच्या अखेरीस अडीच लाखांहून अधिक माणसं होती, आज ती पन्नास हजारांच्या आसपास आली आहेत. असं असताना वर्षाचं यश पाहुण्यांच्या डोक्यांवरून मोजलं जातं. माझं म्हणणं असं की परतीच्या विमानावर घेतल्या जाणाऱ्या त्या ३००० येनमधला ठरावीक हिस्सा कायद्याने उमेदवारीच्या वेतनाला बांधून द्यावा. तरुण मुलाला पहिली पाच वर्षं पोटापुरतं मिळालं तर तो टिकतो. नाहीतर उरुशीची खाज सोसून तो तिसऱ्या वर्षी मोटारीच्या कारखान्यात जातो.

सरकारने मनावर घेतलं तर काय होतं याचं उदाहरण जपानमध्येच आहे. २०१५ मध्ये सांस्कृतिक विभागाने ठरवलं की राष्ट्रीय ठेवा आणि महत्त्वाचा वारसा म्हणून नोंदलेल्या इमारतींच्या दुरुस्तीला देशी उरुशीच वापरायची. एका आदेशाने जोबोजीच्या चिकाला हमखास गिऱ्हाईक मिळालं आणि झाडं लावायला लोक पुढे आले. तिथे एकही अनुभव-केंद्र उघडावं लागलं नाही.

वेळेबद्दलही बोलायला हवं, कारण पैशापेक्षा ती टंचाई मोठी आहे. निईगाता प्रांतातल्या तोकामाची इथे, एका जुन्या शाळेच्या इमारतीत, मिथिला म्युझियम आहे. तोकिओ हासेगावा यांनी ते १९८२ मध्ये उघडलं. जिव्या सोमा मशे यांच्यासारखे आपले वारली चित्रकार आणि मधुबनीच्या चित्रकर्ती तिथे जाऊन राहिल्या, बर्फात राहून महिनोन्‌महिने चित्रं काढून परत आल्या. कुणी त्यांना तासाभरात भिंत रंगवून दाखवा म्हटलं नाही. डहाणूकडच्या चित्रकाराला जपानने असा वेळ दिला, आणि जपानच्या कारागिराला आपण जाऊन पाऊण तास देतो, हे मला खटकतं.

तरी वेळ कमी असला तरी सगळं व्यर्थ जातं असं नाही. तोकुशिमात नीळ रंगवायला गेलेला एक गट मला आठवतो. आवा प्रांताची, म्हणजे आजच्या तोकुशिमाची, ही नीळ एके काळी देशभर जात असे. मेइजी काळात (१८६८-१९१२) आधी भारतातून आलेल्या नीळेने आणि मग जर्मनीच्या कृत्रिम नीळेने तिचा बाजार मोडला. आता पानांपासून सुकुमो, म्हणजे नीळेचा कच्चा माल, करणारी घरं बोटांवर मोजण्याइतकीच. पानं ओली करून, ढीग लावून, उलटवत शंभर दिवस कुजवायची तेव्हा सुकुमो होतो. मग राखेच्या निवळीत, कोंडा घालून, तो कुंडात आंबवायचा. आमच्यापुढचं कुंड असं जिवंत होतं. वर जांभळट फेसाचा गोळा, आणि वास असा की दोघी-तिघींनी पदर नाकाला लावला. रुमाल बुडवला, पिळून वर काढला तेव्हा तो शेवाळी होता. हवा लागली तसा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निळा होत गेला. एका रुमालाचे पैसे एका कॉफीपेक्षा फार जास्त नव्हते आणि त्यात सुकुमोची किंमत होती. ते कुंड पाहुण्यांसाठी वेगळं ठेवलेलं नव्हतं. मागच्या दांडीवर कारागिराचं स्वतःचं कापड त्याच रंगात वाळत होतं. पुढची बस आली तेव्हा तो म्हणाला, “कुंड दमलंय, आता उद्या.” त्या बसमधली मंडळी हिरमुसली, पण कुंडाला विश्रांती न देता रंग काढत राहिलं तर ते मरतं.

आपल्याकडे पुढच्या साकुराच्या, म्हणजे चेरीच्या बहराच्या, सहलींची पत्रकं वर्षभर आधी छापतात. सहल आखणाऱ्यांना माझी विनंती आहे. पत्रकातल्या पाच अनुभवांतले तीन काढून टाका. क्योतोतल्या दुसऱ्या दिवसाऐवजी कोयासानचा एक मुक्काम घाला, ऑगस्टची सहल काढाल तर आओमोरी घाला. कार्यशाळा ठरवण्याआधी तिथे विचारा की शिकवणारा माणूस हीच कला करून पोट भरतो का, माल कुठून येतो, आणि त्याच्या हाताखाली कुणी शिकतंय का. हे प्रश्न जपानीतून कसे विचारायचे ते मी आणि माझ्यासारखे पुण्यातले शेकडो दुभाषे सांगू शकतो. उत्तर नीट मिळालं नाही तर तो तास मोकळा सोडा, लोक पायी हिंडतील.